राजधानी परंड्यात होती, मग महानगर खडकीत कसं वाढलं? मलिक अंबरच्या एका निर्णयाची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरला नवा कारखाना येणार अशी बातमी पडली की धाराशिवच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेली चर्चा सुरू होते. सगळं तिकडंच का? हायकोर्टाचं खंडपीठ तिकडं, विद्यापीठ तिकडं, विभागीय आयुक्त तिकडं, बजाजचा प्लँट तिकडं आणि आता ऑरिकही तिकडंच. आमच्या वाट्याला काय, तर आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतलं नाव.

तिकडच्या पोरांचं वेगळंच रडगाणं असतं. त्यांची तुलना पुण्याशी चालते. आमच्याकडं आयटी का नाही, विमानं कमी का, नळाला पाणी इतक्या दिवसांआड का, आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांचं करायचं काय. म्हणजे धाराशिवचा माणूस ज्या शहराकडं बघून जळतो, ते शहर स्वतः पुण्याकडं बघून जळतं. पुण्याचं मुंबईशी काय चालतं ते सांगायलाच नको.

पण या भांडणाचं एक पान सव्वाचारशे वर्षं जुनं आहे आणि ते धाराशिव जिल्ह्यातच उघडतं. संभाजीनगर जेव्हा खडकी नावाचं एक लहानसं खेडं होतं, तेव्हा राजधानी होती आपल्या परंड्यात. एका माणसानं ती तिथं आणली आणि त्याच माणसानं ती तिथून हलवली. तो माणूस म्हणजे मलिक अंबर.

शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत येतो. निजामशाहीचा वजीर, गनिमी कावा, जमीन महसूल, संपलं. त्याची शहर वसवणारा ही ओळख मात्र मागं राहते. खरं तर मराठवाड्यात आज कुठलं शहर मोठं आहे आणि कुठलं नाही, याच्या मुळाशी त्याचा हात आहे.

सुरुवात पार आफ्रिकेपासून करावी लागते.

साधारण १५४८ च्या आसपास इथिओपियात एक मुलगा जन्मला. नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. तांबड्या समुद्रापलीकडं मोखा, तिथून बगदाद, असे त्याचे मालक बदलत गेले. बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्यानं त्याची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेबठिशेब शिकवला. मुलगा मुसलमान झाला आणि त्याला अंबर हे नाव मिळालं. पुढच्या आयुष्यात त्यानं जे काही उभं केलं त्यात या हिशेबाच्या शिक्षणाचा वाटा तलवारीपेक्षा कमी नव्हता, असं मला वाटतं.

१५७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेतलं अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान यानं. नाव ऐकून दचकू नका, मंगोलियाचा चंगेझखान तो वेगळा. हा चंगेझखान स्वतःही एकेकाळी हबशी गुलामच होता. दख्खनच्या सुलतानांकडं हबशी गुलामांना सैन्यात घ्यायची जुनी पद्धत होती आणि कर्तबगार निघाला तर गुलाम सरदारही होऊ शकत होता. अंबरच्या डोळ्यांसमोर त्याचा मालकच उदाहरण म्हणून उभा होता.

चंगेझखान काही वर्षांतच मेला. अंबर गुलामीतून मोकळा झाला. मग काही काळ विजापूरची चाकरी, तिथं मलिक हा किताब, आणि १५९५ च्या सुमाराला पुन्हा निजामशाहीत. त्याच्यासोबत तेव्हा दीडेकशे घोडेस्वार होते. आजच्या भाषेत सांगायचं तर एका लहानशा टीमचा लीडर.

१६०० साली सगळंच बदललं. अकबराच्या फौजांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबिबी मारली गेली. सुलतान मोगलांच्या कैदेत गेला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं असणार, कारण राजधानी गेली की राज्य गेलं असा सरळ हिशेब असतो.

अंबरनं हा हिशेब मानला नाही. राजघराण्यातला एक तरुण त्यानं शोधून काढला, त्याला आपली मुलगी दिली आणि दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवलं. ही गादी मांडली गेली परंड्याला.

परंडाच का? एकदा बार्शीवरून परंड्याला जाऊन बघा. डोंगर नाही, दरी नाही. सपाट रानात गाव आणि गावाला लागून किल्ला. भुईकोट आहे, पण काय भुईकोट! भोवती खंदक, दुहेरी तट, एकामागोमाग एक बुरूज. बहमनी काळातलं हे बांधकाम महमूद गवानच्या नावावर सांगितलं जातं. तोफांसाठी तर हा किल्ला मशहूर होता. आज विजापूरला पर्यटक जिच्यासोबत फोटो काढतात ती मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि बरीच वर्षं परंड्याच्या किल्ल्यात होती.

शिवाय परंडा मोगलांपासून लांब होता. मोगलांचं दख्खनमधलं मुख्य ठाणं बुऱ्हाणपूर, म्हणजे पार उत्तरेला, तापीच्या काठी. परंडा दक्षिणेला, विजापूरच्या आदिलशाहीच्या हद्दीलगत. वेळ आलीच तर शेजारी आसरा होता. राजा लहान, फौज लहान, खजिना रिकामा असताना अशीच जागा लागते.

म्हणजे परंडा ही गरजेची राजधानी होती. तिथं दरबार भरला, कारभार चालला, पण अंबरनं तिथं शहर वसवलं नाही. नवे रस्ते नाहीत, नव्या पेठा नाहीत. किल्ल्याच्या पोटात राज्य जगवायचं, एवढंच काम होतं.

पुढची काही वर्षं दुहेरी भांडणात गेली. समोर मोगल आणि घरात राजू दखनी नावाचा तगडा सरदार. निजामशाहीचा उरलेला मुलूख या दोघांत वाटला गेला होता. दोघंही मोगलांशी लढायचे आणि मधल्या वेळेत एकमेकांशी. अखेर अंबरनं राजूला हरवून कैद केलं आणि १६०७ च्या सुमाराला राजधानी परंड्याहून जुन्नरला नेली. पुढं १६१० मध्ये दौलताबाद हाती आलं आणि त्याच्याजवळच्या खडकी गावात त्यानं नवं शहर मांडायला घेतलं.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. परंड्याहून खडकी म्हणजे मोगलांच्या दिशेनं सरकणं. सुरक्षित जागा सोडून हा गडी थेट शत्रूच्या वाटेवर जाऊन बसला. असं कोण करतं?

अंबर बचावाच्या फेरीतून बाहेर आला होता, हे त्याचं एक उत्तर. त्याच्याकडं आता हजारोंची फौज होती आणि त्यात मराठा घोडदळ मोठं होतं. भोसले, जाधव ही घराणी त्याच काळात निजामशाहीत पुढं आली. मोगलांच्या जड फौजेला समोरासमोर न भिडता त्यांची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, दमवून दमवून मागं लोटायचं, ही लढाईची पद्धत त्यानं या घोडदळाच्या जोरावर चालवली. अशी लढाई करायची तर डोंगर जवळ लागतात. खडकीच्या मागं डोंगरांची रांग होती आणि पाच कोसांच्या आत दौलताबादचा अभेद्य किल्ला.

दुसरं उत्तर पैशाचं आहे. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनमध्ये उतरणारी वाट याच पट्ट्यातून जायची. पैठण जवळ होतं. पैठणचं विणकाम, दौलताबादचा कागद, असा माल या भागात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत होता. परंड्यात किल्ला होता, खडकीजवळ बाजार होता. किल्ल्यात राज्य टिकतं, पण ते वाढायचं तर बाजार लागतो.

इथं धाराशिवच्या वाचकांसाठी एक आडवाट घेतो, नाहीतर कमेंटमध्ये तुम्ही मला सोडणार नाही. आपला जिल्हा व्यापारात कायमच मागं होता असं अजिबात नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीनं लिहिलेल्या प्रवासवर्णनात दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठा येतात. एक पैठण आणि दुसरं तगर, म्हणजे आपलं तेर. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडं जायचं आणि तिथून रोमपर्यंत. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली पाहिली की इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेली तशीच मूर्ती आठवते. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हा सगळा ऐवज बघायला मिळतो. म्हणजे सातवाहनांच्या काळात कॉर्पोरेट हब कोण, असं विचारलं तर उत्तर धाराशिव जिल्ह्यात होतं. मग व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि तेर खेडं होऊन बसलं. मोठेपण आलं तसं गेलं.

तर खडकी. नावाप्रमाणेच खडकाळ जागा, शेजारून खाम नदी. नदी म्हणजे उन्हाळ्यात आटणारी. इथं शहर मांडायचं तर पहिला प्रश्न पाण्याचा होता आणि तोच सगळ्यात अवघड होता.

अंबरनं त्यावर जे केलं ते आजही इंजिनिअरिंगच्या पोरांना दाखवण्यासारखं आहे. शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला, डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखाली मुरलेलं पाणी होतं. ते खोदून अडवलं आणि दगडी बांधकामाच्या बंदिस्त भुयारी पाटानं शहरात आणलं. पंप नाही, इंजिन नाही. फक्त उतार. पाट जमिनीखाली असल्यानं पाणी उन्हानं आटत नाही आणि शत्रूच्या डोळ्यालाही लागत नाही. मधेमधे हवा खेळायला आणि साफसफाईला विहिरीसारखी तोंडं, उंच मनोरे, आणि शहरात पोचल्यावर हौदांमधून वाटप. हीच नहर-ए-अंबरी. काम १६१७ च्या सुमाराचं.

दरबारातल्या काही शहाण्यांनी या योजनेची टिंगल केली होती अशी गोष्ट सांगतात. खरी असेल. मोठ्या प्रकल्पाची टिंगल न झालेला काळ अजून यायचाय. फरक इतकाच की या प्रकल्पाचं पाणी खरोखर आलं.

त्याच काळात आपल्या जिल्ह्यातही पाण्याचं एक अचाट काम चाललं होतं. नळदुर्गला दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहनं बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला, साल १६१३. पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांची रील तुम्ही पाहिलीच असेल. कारागिरी दोन्हीकडं तोडीस तोड होती. पण नळदुर्गचं पाणी किल्ल्यासाठी होतं. खडकीचं पाणी पेठेत जात होतं, मशिदीत जात होतं, हौदावर येणाऱ्या कुणाच्याही घागरीत जात होतं. पुढं कुठलं गाव शहर झालं आणि कुठलं सहलीचं ठिकाण, याचं बरंचसं उत्तर या फरकात आहे.

पाणी आलं तरी शहराला माणसं लागतात. अंबरनं त्यासाठी जे केलं त्याला आजच्या भाषेत प्लॉट वाटप म्हणता येईल. आपल्या मराठा सरदारांना त्यानं खडकीत जागा दिल्या आणि त्यांच्या नावानं पुरे वसले. मालोजींचं मालपुरा, खेलोजींचं खेलपुरा, परसोजींचं परसपुरा, विठोजींचं विठापुरा. सरदार आला की त्याचे स्वार आले, स्वारांमागं लोहार, सुतार, तेली, तांबोळी आले, वाणी आले, सावकार आले. सरदाराचा वाडा तिथं उभा राहिला की शहर टिकण्यात त्याचाही स्वार्थ आला. आज एखादी मोठी कंपनी एमआयडीसीत आली की तिच्यामागं पन्नास व्हेंडर येतात, तसाच प्रकार.

मधोमध त्यानं स्वतःचे वाडे, मशिदी बांधल्या. काळी मशीद त्याच काळातली, जामा मशिदीची सुरुवातही त्याचीच. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा केला. संभाजीनगरच्या दरवाज्यांत तो सगळ्यात भव्य मानतात.

आणि या सगळ्याला पैसा? तो खेड्यांतून आला. तोपर्यंत सारा वसुलीचा ठेका द्यायची पद्धत होती. ठेकेदार सरकारला ठरलेली रक्कम द्यायचा आणि शेतकऱ्याकडून वाटेल तेवढी काढायचा. अंबरनं ही ठेकेदारी मोडली. जमिनीची प्रत बघायची, प्रत्यक्ष पीक किती येतं ते बघायचं आणि त्यावर सारा ठरवायचा, वसुली गावच्या पाटील-कुलकर्ण्यांमार्फत. अकबराच्या तोडरमलाची पद्धत त्याच्यासमोर होती, पण ती त्यानं दख्खनच्या मातीप्रमाणे बदलून घेतली. शेतकऱ्याला काय द्यायचं ते आधी कळू लागलं, पडीक जमीन लागवडीखाली आली आणि खजिना भरू लागला. पुढं मराठी राज्यातही या व्यवस्थेचा आधार घेतला गेला.

म्हणजे शहराचा दिमाख गावाच्या साऱ्यावर उभा होता. परंड्याच्या रानातली ज्वारी सुद्धा कुठंतरी खडकीच्या दगडात गेलीच असेल. धाराशिवकरांची तक्रार जुनी आहे ती अशी.

अंबर काही संत नव्हता, हेही इथंच सांगितलं पाहिजे. ज्या मुर्तझाला त्यानं परंड्यात गादीवर बसवलं, त्याच्याशी त्याचं बिनसत गेलं. एका डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलेली हकीकत अशी की सुलतानाच्या थोरल्या बेगमेनं अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं. त्यानंतर १६१० मध्ये सुलतान आणि बेगम दोघांनाही विष देण्यात आलं आणि सुलतानाचा लहान मुलगा गादीवर आला. सत्ता अंबरचीच राहिली.

हा डच व्यापारी म्हणजे पीटर फान देन ब्रुके. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. शेअर बाजारात जिचे शेअर खुलेपणानं विकले जायचे अशी ही जगातली पहिली मोठी कंपनी. १६१७ मध्ये त्याची जहाजं गुजरातच्या किनाऱ्यावर फुटली आणि त्याला सुरतेहून मच्छलीपट्टणला खुष्कीनं, दख्खन ओलांडून जावं लागलं. वाटेत परवाना आणि संरक्षण लागणार होतं, ते मिळवायला तो मलिक अंबरच्या छावणीत गेला. धिप्पाड, करारी, लोकांत दरारा असलेला आणि मुलखात चोरांना थारा न देणारा, असं चित्र त्यानं लिहून ठेवलंय. पन्नासेक वर्षांपूर्वी मोखाच्या बाजारात विकला गेलेला मुलगा आता जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपनीच्या अधिकाऱ्याला रस्ता द्यायचा की नाही ते ठरवत होता.

पण शत्रूच्या वाटेवर शहर बांधण्याची किंमत असतेच. ती खडकीनं दोनदा मोजली.

पहिल्यांदा १६१६ मध्ये. काही मराठा सरदार मोगलांना जाऊन मिळाले. बाळापूरहून निघालेल्या शाहनवाजखानानं रोशनगावला अंबरचा पराभव केला आणि मोगल फौज खडकीत शिरली. शहर लुटलं, जाळलं, वाडे पाडले. जहांगीरचा अंबरवर एवढा राग होता की आपण त्याच्या मुंडक्यावर बाण मारतोय असं चित्र त्यानं दरबारी चित्रकार अबुल हसनकडून काढून घेतलं. प्रत्यक्षात हे मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. हाती न लागलेल्या माणसाचा असा फोटोशॉप करून समाधान मानणारा बादशहा दुसरा नसेल.

नहरीच्या कामाचं वर्ष आठवा. १६१७. म्हणजे शहर जळाल्याच्या पुढच्याच वर्षी. एखादा माणूस परंड्याला किंवा जुन्नरला परत गेला असता आणि त्याला कुणी नावं ठेवली नसती. अंबरनं जळालेल्या शहरात पाणी आणलं.

दुसऱ्यांदा १६२१. आता शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, चालून आला. अंबरनं सुलतानाला दौलताबादच्या किल्ल्यात हलवलं. मोगलांनी खडकीची पुन्हा राखरांगोळी केली. तह झाला, मुलूख गेला आणि दख्खनच्या तिन्ही शाह्यांवर मिळून पन्नास लाखांची खंडणी बसली. शहर पुन्हा सावरलं. दोन्ही वेळा त्याला सावरणाऱ्या गोष्टी जमिनीखाली आणि जमिनीलगत होत्या. भुयारातला पाट आणि पुऱ्यांमधली माणसं. वाडा जाळता येतो, उतार जाळता येत नाही.

या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही दोघं मिळून अंबरवर आले. अहमदनगरजवळ भातवडीला गाठ पडली. तिथल्या तलावाचं पाणी अंबरनं शत्रूच्या छावणीकडं सोडलं अशी हकीकत आहे. चिखलात रुतलेली, रसद तुटलेली फौज त्यानं पार मोडून काढली. याच लढाईत शहाजीराजांचं नाव झालं आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. इथपर्यंत ठीक. पण विजयाच्या जोरात अंबर विजापूरवर गेला आणि शेजारचं नौरसपूर त्यानं बेचिराख केलं. नौरसपूर म्हणजे नळदुर्गचा पाणीमहाल बांधणाऱ्या त्याच इब्राहिम आदिलशाहनं हौसेनं वसवलेलं नवं शहर, संगीताचं, कलेचं. स्वतःचं शहर दोनदा जळताना पाहिलेल्या माणसानं दुसऱ्याचं शहर जाळलं. खडकी परत उभी राहिली, नौरसपूर मात्र कायमचं ओस पडलं. तिथं आज भग्न कमानी आहेत.

१६२६ च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबर गेला. खुलदाबादला त्याची कबर आहे. त्याच्या हयातीत मोगलांना निजामशाही गिळता आली नव्हती.

नंतर सगळं भराभर झालं. मुलगा फतेहखानानं खडकीचं नाव फतेहनगर केलं. बापाची धमक त्याच्यात नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतलं, १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबानं १६५३ मध्ये शहराला आपलं नाव दिलं. त्याला नवं शहर वसवावं लागलं नाही, कारण पाणी, पेठा, पुरे सगळं तयार होतं. आज दिसणारा गावकूस त्यानं १६८२ मध्ये घातला. एक मोगल शहर म्हणून जगाला माहीत झालेलं हे ठिकाण मोगलांच्या सगळ्यात कडव्या शत्रूनं आखलं होतं.

आणि परंडा? तो आदिलशाहीकडं गेला. मलिक-ए-मैदान १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. पन्नास टनांहून जड तोफ ओढायला हत्ती, बैल, शेकडो माणसं लागली असं सांगतात. राजधानी गेली, मग तोफही गेली. पण किल्ला म्हणून परंडा कमी पडला नाही. १६३४ मध्ये शहाजहानचा मुलगा शुजा मोठ्या फौजेनिशी वेढा घालून बसला आणि हात हलवत परत गेला. ज्या कामासाठी अंबरनं परंडा निवडला होता ते काम त्यानं शेवटपर्यंत चोख केलं.

राजधानी जाण्याचं दुःख काय असतं हे पुढं खडकीलाही कळलं. निजामानं १७६३ मध्ये राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलवली आणि हे शहर पुढची जवळपास दोनशे वर्षं सुस्तावलं. नहरी बुजत गेल्या. पुन्हा जाग आली ती १९५८ ला विद्यापीठ, १९८१ ला खंडपीठ, ऐंशीच्या दशकात वाळूजची एमआयडीसी, अशी एकेक करून. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी टेबलावर बसून घेतलेला निर्णय होता. धाराशिव जिल्ह्याचे निर्णयही असेच झाले. नळदुर्गहून जिल्ह्याचं ठिकाण धाराशिवला आलं, १९८२ मध्ये लातूर वेगळं निघालं आणि निघालं ते पुढंच गेलं.

शहराचं पाणी आता नहरीतून येत नाही, जायकवाडीहून उपसून चढावर आणावं लागतं. अंबरनं उतारानं आणलेलं पाणी आपण विजेचं बिल भरून आणतो आणि तरी ते रोज येत नाही. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक उभं राहतंय, तिथल्या रस्त्यांखाली पाण्याच्या, विजेच्या, केबलच्या लाइनी आधी टाकून मग प्लॉट दिले गेले. क्रम ओळखीचा वाटला असेल.

गेल्या पावसाळ्यात परंड्याच्या किल्ल्यात गेलो होतो. तटावर गवत वाढलेलं, बुरुजांवर उरलेल्या तोफा पावसात भिजत पडलेल्या, खाली खंदकाशेजारी पोरं क्रिकेट खेळत होती. त्यातल्या एकाला विचारलं, बारावीनंतर काय करणार. म्हणाला, संभाजीनगरला जाणार. परंडा ते संभाजीनगर थेट गाडी किती वाजता असते हे त्याला पाठ होतं.